काउलून वॉल्ड सिटी पार्क, हाँगकाँग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हाँगकाँगला फिरायला जाणाऱ्या आणि तिथे नव्याने राहायला गेलेल्या मराठी मंडळींकडून या उद्यानाबद्दल येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोप्याकडून किचकटाकडे असा क्रम आहे. तीच गोष्ट दोनदा सांगायला लागू नये म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हे नेमकं काय आहे? बाग, किल्ला की संग्रहालय?

मुख्यतः बाग. क्षेत्रफळ ३१,००० चौरस मीटर, म्हणजे साडेसात एकरांहून थोडं जास्त. चीनच्या जिआंगनान प्रदेशात (प्रश्न ९) छिंग राजवटीच्या, म्हणजे चीनच्या शेवटच्या बादशाहीच्या, सुरुवातीला जशा बागा होत्या, त्या धर्तीवर ती आखली आहे. २२ डिसेंबर १९९५ रोजी तिचं उद्घाटन झालं. तिच्या पोटात मात्र १८४७ साली बांधून झालेल्या एका चिनी लष्करी ठाण्याचे अवशेष आहेत. त्या ठाण्याच्या जागी पुढे 'वॉल्ड सिटी' नावाची अतिशय दाट वस्ती उभी राहिली; ती पाडून ही बाग केली (प्रश्न ६ आणि ७).

आत शिरताना एवढं लक्षात ठेवा: मंडप, गोल कमानी, तळी, रचलेले डोंगर हे सगळं १९९०च्या दशकातलं. यामेन (जुनी सरकारी कचेरी), दरवाज्याचा पाया, विहिरी आणि कोरीव शिळा हे खरं जुनं. जुनं कोणतं आणि नवं कोणतं हे डोळ्यांना कळू लागलं, की इथलं फिरणं सार्थकी लागतं. खालची बरीच उत्तरं त्याचसाठी आहेत.

२. आम्ही त्सिम शा त्सुईला राहतोय. हॉटेलसमोर 'काउलून पार्क' आहे, तेच ना हे?

नाही. ही चूक सर्रास होते. काउलून पार्क नेथन रोडला मशिदीला लागून आहे; ते आधुनिक शहरी उद्यान आहे. आपण बोलतोय ते 'काउलून वॉल्ड सिटी पार्क' काउलून सिटी भागात, जुन्या काई ताक विमानतळाजवळ आहे. दुसरी चूक म्हणजे मेट्रोच्या 'काउलून' स्टेशनवर उतरणं. ते स्टेशन पार पश्चिमेला आहे, त्याचा या बागेशी संबंध नाही.

३. मग जायचं कसं?

तुएन मा लाइनवरचं सुंग वाँग तोई हे स्टेशन सोयीचं. ते २०२१ मध्ये सुरू झालं, त्यामुळे जुन्या प्रवासवर्णनांत ते सापडणार नाही. तिथे बस किंवा लोक फू स्टेशनचा रस्ता सांगितलेला असतो.

त्सिम शा त्सुईहून जमिनीखालच्या वाटेने ईस्ट त्सिम शा त्सुई स्टेशनात या. वू काई शा दिशेची गाडी पकडा. हुंग होम, हो मान तिन, तो क्वा वान आणि चौथं सुंग वाँग तोई. बी३ दाराने बाहेर पडा आणि कार्पेंटर रोडकडे चालत जा. साधारण दहा मिनिटं लागतात. आधी कार्पेंटर रोड पार्क हे साधं खेळांच्या मैदानांचं उद्यान लागतं. तेच आपलं ठिकाण समजून बरेच जण परत फिरतात. ते ओलांडलं की दक्षिण दरवाजा.

टॅक्सीने जाणार असाल तर इंग्रजी नाव चालकाला कळेलच असं नाही. कँटोनीजमध्ये 'गाव-लुंग झाय-सिंग गुंग-युन' म्हणा किंवा फोनवर चिनी लिपीतलं नाव दाखवा.

४. तिकीट किती? वेळ काय?

प्रवेश विनामूल्य. बाग रोज सकाळी ६.३० ते रात्री ११ उघडी असते. यामेनमधली प्रदर्शनाची दालनं मात्र सकाळी १० ते संध्याकाळी ६ एवढीच उघडी असतात आणि बुधवारी बंद असतात. इतिहासासाठी जाणार असाल तर बुधवार टाळाच. बाहेरून यामेन बघून परत येण्यात अर्धी मजा जाते.

५. किती वेळ ठेवावा आणि आधी काय पाहावं?

दीड ते दोन तास. आम्ही सांगतो तो क्रम असा: दक्षिण दरवाज्याचे अवशेष, तिथलंच जुन्या वस्तीचं कांस्य प्रारूप, मग मधोमध असलेलं यामेन, आणि त्यानंतर बाग. उलट क्रमाने गेलात तर फुलं आणि मंडप बघून मन भरतं आणि अवशेषांपाशी पाय रेंगाळत नाहीत. कांस्य प्रारूपापाशी पाच मिनिटं द्या. एकमेकींना खेटून उभ्या इमारती आणि त्यांच्यात बोटभर फटी बघितल्या की पुढे रिकाम्या हिरवळीवर चालताना आपण कुठे उभे आहोत हे उमगतं.

बागेतल्या वाटांची आणि मंडपांची नावं जुन्या वस्तीतल्या गल्ल्यांवरून आणि इमारतींवरून ठेवली आहेत. नकाशा हातात ठेवून नावं वाचत फिरा.

६. ते फोटोत दिसणारे काळोखे, चौदा मजली खुराडे कुठे आहेत?

कुठेच नाहीत. सर्वांत जास्त हिरमोड याच गोष्टीने होतो, म्हणून स्पष्ट सांगतो: त्या वस्तीतली एकही चाळवजा इमारत शिल्लक नाही. १४ जानेवारी १९८७ रोजी ती हटवण्याचा निर्णय जाहीर झाला. तेव्हाच्या सरकारी मोजणीत जेमतेम २.७ हेक्टरांत सुमारे ३३,००० माणसं राहत होती. हिशेब केला तर चौरस किलोमीटरला बारा लाखांहून जास्त. इमारती चौदा मजल्यांपाशी थांबल्या त्याचं कारण नगररचनेचा नियम नव्हे, तर काई ताकला उतरणारी विमानं डोक्यावरून जात. रहिवाशांना आणि दुकानदारांना सुमारे २७० कोटी हाँगकाँग डॉलरची भरपाई देण्यात आली. पाडकाम मार्च १९९३ ते एप्रिल १९९४ चाललं, आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात बागेचं बांधकाम सुरू झालं.

एक अपवाद सांगायला हवा. २०२५ पासून उद्यानात एका चित्रपटाच्या सेटवर आधारलेली मांडणी आहे. त्यात जुनी दुकानं, गल्ल्या दिसतात. ती बघण्यासारखी आहे, पण तो सेट आहे. तिथल्या भिंतीला हात लावून 'हे मूळचं' असं मुलांना सांगू नका.

७. ब्रिटिश हाँगकाँगच्या मधोमध चीनचा तुकडा राहिला कसा?

१८४१ साली ब्रिटिशांनी हाँगकाँग बेट घेतलं. त्यांच्यावर समोरून नजर ठेवायला छिंग सरकारने काउलूनमध्ये तटबंदीचं ठाणं बांधलं. १८९८च्या करारात आजूबाजूचा 'नवा प्रदेश' ९९ वर्षांच्या पट्ट्याने ब्रिटनकडे गेला, पण या ठाण्यात चिनी अधिकारी राहू शकतील असं कलम होतं. पुढच्याच वर्षी ब्रिटिशांनी त्या अधिकाऱ्यांना घालवलं. चीनने हक्क सोडला नाही आणि ब्रिटिशांनीही तिथे धड कारभार केला नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर चीनमधून आलेले निर्वासित या मोकळ्या फटीत वसले आणि वस्ती वर वर चढत गेली. तिथे विनापरवाना दंतवैद्य होते, मासे वाटून खाण्याचे गोळे करणारे कारखाने होते, जुगाराचे अड्डेही होते. १९७०च्या दशकातल्या पोलीस धाडींनंतर टोळ्यांचा जोर बराच ओसरला. तिथली बहुतेक माणसं कष्ट करून पोट भरणारी होती, हे आवर्जून सांगावंसं वाटतं.

८. तटबंदी होती म्हणता, मग ती दिसत का नाही?

महायुद्धात जपानी सैन्याने ती पाडली आणि दगड काई ताक विमानतळ वाढवायला वापरले. आज बागेभोवती दिसणारी भिंत नवी आहे. खऱ्या तटाचा फक्त पाया उरला आहे (प्रश्न १२).

९. सगळं पाडून तिथे चिनी पद्धतीची बागच का केली?

१९८४च्या ब्रिटन-चीन संयुक्त जाहीरनाम्याने हाँगकाँग चीनला परत जाणार हे ठरलं होतं. वादाच्या जमिनीचा प्रश्न दोन्ही सरकारांच्या संमतीने सुटला आणि तिथे छिंग काळाची आठवण सांगणारं उद्यान करायचं ठरलं. खर्च ७ कोटी ६० लाख हाँगकाँग डॉलर आला. आराखड्याला १९९३ साली जर्मनीतल्या श्टुटगार्टच्या बागकाम प्रदर्शनात सन्मानही मिळाला.

मात्र एक गैरसमज नको. मूळ ठाण्यात अशी बाग कधीच नव्हती. ते शिपाई आणि कारकुनांचं ठाणं होतं. शिवाय जिआंगनान म्हणजे यांगत्सी नदीच्या दक्षिणेचा सुचौ, हांगचौचा प्रदेश. हाँगकाँगपासून तो हजारेक किलोमीटर दूर. म्हणून या बागेला 'पुनर्बांधणी' म्हणणं चूक. ती नव्याने रचलेली आहे, आणि तशीच पाहिली तर फार सुंदर आहे.

१०. जिआंगनान शैली ओळखायची कशी? आम्हाला सगळ्या चिनी बागा सारख्याच वाटतात.

रंगापासून सुरुवात करा. बीजिंगच्या राजवाड्यात लाल खांब आणि पिवळी कौलं असतात. जिआंगनानच्या बागा विद्वान, निवृत्त अधिकारी आणि व्यापारी यांच्या घरच्या. पिवळ्या कौलांवर बादशहाचा हक्क, म्हणून इथे पांढरी भिंत, करडी-काळी कौलं आणि गडद लाकूड. पांढरी भिंत हा कागद समजा: तिच्यापुढे बांबू किंवा एखादा दगड ठेवला की चित्र तयार होतं. ऊन कललं की बांबूची सावली त्या भिंतीवर पडते. तेवढ्यासाठी संध्याकाळी चारनंतर जावं.

दुसरी खूण म्हणजे सगळं एकदम न दिसणं. आपल्याकडच्या चारबाग पद्धतीच्या मुघल बागेत मधोमध उभं राहिलं की सरळ रेषेत सगळं दिसतं. इथे वाट मुद्दाम वळते, मधे भिंत येते, भिंतीत जाळीची खिडकी असते. त्या खिडकीतून पलीकडचं थोडंसं दिसतं, पण तिकडे जायला वळसा घालावा लागतो. भिंतीला पडलेली पूर्ण गोल कमान, म्हणजे 'चंद्रद्वार', हेही चौकटीचंच काम करते. तिच्यासमोर दहा पावलं मागे थांबून बघा. मग एक एक पाऊल पुढे जात राहा. चौकटीतलं चित्र प्रत्येक पावलाला बदलतं. एवढं केलंत तर ही शैली कुठेही ओळखता येईल.

तिसरी खूण कौलांच्या टोकाला. नळीच्या कौलांच्या ओळी जिथे वळचणीला संपतात, तिथे निमुळत्या, खाली झुकलेल्या नक्षीच्या कपऱ्या दिसतील. पावसाचं पाणी त्यांच्या टोकावरून सुटतं आणि भिंतीपासून लांब पडतं. कोकणातल्या घराच्या पागोळ्या आठवा. इथे प्रत्येक पागोळीला आपली वेगळी चोच आहे.

चौथी गोष्ट 'उसना घेतलेला देखावा': बागेबाहेरचा डोंगर किंवा मनोरा आपल्या चित्रात ओढून घेणं. इथे ही अडचणीची बाब आहे, कारण भोवताली टोलेजंग इमारती आहेत. त्यामुळे झाडी आणि उंचवटे बाहेरचं आत घेण्यापेक्षा झाकण्याच्याच कामी जास्त येतात.

११. ओबडधोबड, भोकं पडलेले दगड एवढ्या मानाने का मांडलेत?

चिनी रसिक दगडाला शिल्पासारखं पाहतात, फक्त शिल्पकार पाणी असतं. परंपरेने चार कसोट्या आहेत: अंग सडपातळ हवं, पृष्ठभाग सुरकुतलेला हवा, आतून वाटा गेलेल्या हव्यात आणि आरपार उजेड दिसायला हवा. थोरला दगड पायथ्याशी बारीक आणि माथ्याशी भारी असेल तर जास्त मोलाचा, कारण तो ढगासारखा तरंगल्यागत वाटतो.

या उद्यानात सर्वांत बोलका म्हणजे 'ग्वेईबी' शिळा. नावाचा अर्थ 'परत आलेलं जेड'. मोलाचं रत्न धन्याला अखंड परत मिळाल्याची जुनी चिनी कथा आहे. हाँगकाँग चीनला परत जाण्याचा संकेत त्यात आहे. उद्यान १९९५चं आणि हस्तांतर १९९७चं, हे ध्यानात घेतलं की शिळा इथे का हे कळतं.

१२. दक्षिण दरवाज्यापाशी खड्ड्यात नुसते दगड दिसले. ते काय आहे?

तोच या जागेचा गाभा. पाडकामानंतरच्या उत्खननात मुख्य दरवाज्याचा पाया, ग्रॅनाइटच्या दोन कोरीव पाट्या, तटाचा पाया, पूर्व दरवाज्याचे अवशेष आणि आतल्या बाजूने जाणारी फरसबंद वाट व तिच्या कडेचं गटार सापडलं. एका पाटीवर 'दक्षिण दरवाजा', दुसरीवर 'काउलून झाय-सिंग' असं कोरलेलं आहे. दरवाज्याचे अवशेष ४ ऑक्टोबर १९९६ रोजी संरक्षित स्मारक म्हणून जाहीर झाले.

जागा खोलगट दिसते कारण मूळ जमीनच खाली होती. दीड शतकाच्या भरावाने वरची पातळी चढली. कठड्यावरून वाकून फरशा आणि गटार यांचा संबंध बघा. पाणी तटाच्या पायात मुरू नये म्हणून गटार तटाला धरून नेलं आहे. आपल्या गडांवर तटालगतची पाण्याची वाट पाहिली असेल तर लगेच ओळखाल.

१३. 'झाय-सिंग' की 'सिंग-झाय'? दोन्ही ऐकलंय.

दोन्ही तीच जागा. लोकांच्या तोंडी 'सिंग-झाय' आहे. सापडलेल्या पाटीवर मात्र 'झाय-सिंग' कोरलेलं आहे आणि उद्यानाने तेच नाव घेतलं. पत्ता शोधताना दोन्ही चालतात.

१४. यामेन म्हणजे काय? ते खरंच जुनं आहे का?

यामेन म्हणजे सरकारी कचेरी. हो, जुनं आहे. त्या अख्ख्या वस्तीतून वाचलेली हीच एक इमारत. रचना आपल्या वाड्यासारखी: एकामागे एक अशा तीन रांगा आणि मधे उघडे चौक. इथे ठाण्याचे लष्करी आणि मुलकी अधिकारी बसत. अधिकारी गेल्यावर मिशनऱ्यांनी ती निराधारांसाठी वापरली. पुढे वृद्धाश्रम, शाळा, दवाखाना असे तिचे वापर बदलत गेले. काही ना काही उपयोग होत राहिला म्हणूनच ती टिकली. १९९०च्या दशकात तिची दुरुस्ती झाली, तेव्हा प्रत्येक वासा आणि कौल १८४७चं समजू नका. समोरच्या दोन तोफा १८०२ साली ओतलेल्या आहेत, म्हणजे ठाण्याहूनही जुन्या.

उंबरठा उंच आहे. त्यावर पाय न देता ओलांडून जा. चिनी रीतही तीच आणि आपलीही.

१५. पाट्यांवरची अक्षरं कोणत्या बाजूने वाचायची?

दारावरची जुनी आडवी पाटी उजवीकडून डावीकडे. खांबांवरच्या उभ्या जोडओळींत आधी तुमच्या उजव्या हाताची, मग डावीकडची. भाषांतराचं अ‍ॅप आडव्या पाट्या हमखास उलट्या वाचतं. अर्थ विचित्र लागला तर हेच कारण.

१६. मुलांना कंटाळा येईल का?

बारा राशिप्राण्यांचे दगडी पुतळे आणि बुद्धिबळाची बाग आहे, त्यामुळे तासभर सहज जातो. पुतळ्यांपाशी एक घोळ होतो. चिनी वर्ष १ जानेवारीला बदलत नाही, आपला शक जसा पाडव्याला बदलतो तसं ते २१ जानेवारी ते २१ फेब्रुवारीच्या दरम्यान बदलतं. त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीत जन्मलेल्यांनी त्या वर्षीची तारीख पाहावी. उदाहरणार्थ, १० फेब्रुवारी १९८५चा जन्म बैलाच्या नव्हे, उंदराच्या वर्षातला, कारण बैलाचं वर्ष २० फेब्रुवारीला लागलं.

बुद्धिबळाच्या बागेत तीन बाय पाच मीटरचे चार पट जमिनीवर आहेत. हे चिनी बुद्धिबळ: नऊ उभ्या आणि दहा आडव्या रेषा, सोंगट्या घरात नव्हे तर रेषांच्या छेदांवर. मधे 'नदी'. इथला हत्ती आपल्या उंटासारखा तिरका, नेमके दोन छेद जातो आणि नदी ओलांडत नाही. घोड्याच्या लगत सरळ दिशेला सोंगटी असली तर त्याचा त्या बाजूचा पाय अडतो आणि तो उडी मारू शकत नाही. तोफ मारताना मधे बरोबर एक सोंगटी लागते. राजा आपल्या नऊ छेदांच्या महालाबाहेर पडत नाही. एवढं ठाऊक असलं तर बाकावर खेळणाऱ्या आजोबांचा डाव समजतो.

१७. आई-बाबांना चालवेल का? व्हीलचेअरचं काय?

मुख्य वाटा सपाट आणि रुंद आहेत, बसायला जागा भरपूर. अडचण तीन ठिकाणी: यामेनचे उंबरठे, रचलेल्या डोंगरावरच्या पायऱ्या आणि नांगरलेल्या नावेच्या आकाराचा दुमजली डोंगरदर्शन मंडप. गुडघे दुखत असतील तर वरचा मजला सोडा. पावसानंतर दगडी फरशी निसरडी होते. गुळगुळीत तळव्याच्या चपला घालू नका.

१८. कोणत्या महिन्यात जावं?

ऑक्टोबर ते डिसेंबर. हवा कोरडी, ऊन सोसवणारं. मार्च-एप्रिलमध्ये दमटपणाने भिंतीसुद्धा ओल्या होतात. जून ते सप्टेंबर घामाचे आणि डासांचे. पाण्याजवळ लांब बाह्या घाला. वादळाचा ८ क्रमांकाचा इशारा लागला तर बेत रद्द करा. त्या दिवशी सरकारी दालनं बंद असतात आणि शहराची वाहतूकही आवरती घेतली जाते.

१९. जवळ शाकाहारी खायला मिळेल?

काउलून सिटीत थाई खानावळी पुष्कळ आहेत, पण 'भाज्यांचा' पदार्थही बहुतेक वेळा माशांच्या सॉसमध्ये किंवा कोळंबीच्या वाटणात होतो. 'मांस नको' म्हणणं पुरत नाही. मासा, कोळंबी, ऑइस्टर सॉस नको असं एकेक सांगावं लागतं. पक्के शाकाहारी असाल तर पुढचा प्रश्न वाचा.

२०. नान लियान बाग आणि ही बाग एकाच दिवशी होतील का? दोन्ही सारख्याच ना?

एकाच दिवशी आरामात होतात, आणि दोन्ही पाहाव्यात कारण त्या सारख्या नाहीत. सुंग वाँग तोईहून त्याच गाडीने काई ताक आणि मग डायमंड हिल; सी२ दाराने बाहेर. नान लियान २००६ साली खुली झाली, ती थांग काळाच्या (सातवं ते दहावं शतक) शैलीत आहे. तिथे छतं भारदस्त, पसरट. सोनेरी मंडप, तांबडे पूल. फिरायचा रस्ता एकाच दिशेने आखलेला, त्यामुळे मागे वळता येत नाही. वॉल्ड सिटीच्या बागेत हवं तिथे रेंगाळता येतं, लोक व्यायाम करतात, पत्ते कुटतात.

सकाळी ही बाग, दहाला यामेन उघडलं की ते, आणि दुपारी नान लियान असा बेत ठेवा. तिथल्या धबधब्यामागे शुद्ध शाकाहारी उपाहारगृह आहे. सुट्टीच्या दिवशी रांग मोठी असते, तेव्हा बाराच्या आत पोहोचा.